कोल्हापूर प्रकरण आणि अब्रूचा कायदा

आपल्याकडे अब्रूला काचेच्या भांड्याची उपमा देतात. एकदा तडा गेला की ते सांधत नाही. म्हणूनच गावात दोघांचे भांडण हातघाईवर आले की एक वाक्य हटकून कानावर पडते, "थांब, तुझ्यावर अब्रूनुकसानीचाच दावा लावतो!" असे म्हणणारा क्वचितच कोर्टाची पायरी चढतो, पण ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा उठतो. मग पंचायतीच्या विहिरीचे काम कागदावर पुरे झाले आहे आणि रानात खड्डासुद्धा नाही, हे रोज डोळ्यांनी पाहणारे गुरुजी तोंडाला कुलूप घालून बसतात. याच्या उलट तऱ्हाही आहेच. चहाच्या दुकानातल्या बाकावर बसून वाटेल त्याच्यावर वाटेल तो आळ घेणारी मंडळी प्रत्येक गावात असतात, आणि आता तर हातातल्या मोबाईलवरून तोच आळ घटकेत शंभर घरी पोचवतात. एकाला कायद्याचे नको तेवढे भय, दुसऱ्याला ते मुळीच नाही. आणि गंमत अशी की, कायदा नेमके काय म्हणतो हे दोघांनाही ठाऊक नसते.

तो काय म्हणतो, आणि असा खटला आपल्यावर आला तर माणसाने आपला बचाव कशाच्या बळावर करायचा, याचा आज थोडा विचार करू. नुसती कलमे वाचून दाखवली तर आपण रेडिओ बंद कराल, हे मी जाणून आहे. म्हणून आपल्याच मुलखातील एका माणसाची हकिगत सांगतो. कायदा तिच्यातून आपोआप उलगडेल.

कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी टेंभू नावाचे गाव आहे. तेथे १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरची अत्यंत गरिबी. कऱ्हाडला शिकले, पुढे रत्नागिरीला, अकोल्याला, आणि शेवटी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. तिथे त्यांची गाठ त्यांच्याच वयाच्या बाळ गंगाधर टिळकांशी पडली. दोघांचा जन्म एकाच वर्षातला, एकाच महिन्यातला. सरकारी नोकरीत शिरून मोठा पगार मिळवण्याची दोघांचीही पात्रता होती. पण शिक्षणाच्या कामाला वाहून घ्यायचे, असा निश्चय दोघांनी केला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, त्यात ही मंडळी सामील झाली. १८८१ च्या जानेवारीत दोन वर्तमानपत्रे निघाली, मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. केसरीचे संपादक आगरकर आणि मराठ्याचे टिळक. वये उणीपुरी पंचवीस.

आता कोल्हापूरकडे वळू. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात असताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. त्यांच्यामागे जे बालक दत्तक घेतले, ते चौथे शिवाजी महाराज. महाराज वयात येऊ लागले तशी त्यांच्या मनाची प्रकृती बिघडली आहे, असे सरकारातून सांगण्यात येऊ लागले. राज्याचा कारभार दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांना नीट वागवले जात नाही, त्यांना मुद्दाम वेड्यात काढले जाते, अशी कुजबुज कोल्हापुरात सुरू झाली आणि घाटमाथ्यावरून पुण्यापर्यंत पोचली. आधी साताऱ्याचे राज्य खालसा झाले होते, नागपूरचे गेले होते. शिवछत्रपतींच्या घराण्याची कोल्हापूरची गादी तेवढी राहिली होती. तिच्यावर बसलेल्या पोराचे हाल होत आहेत, हे ऐकून लोक हळहळले तर त्यात नवल काय!

अशा वेळी काही पत्रे पुढे आली. ती दिवाण बर्वे यांची आहेत असे सांगण्यात येत होते, आणि त्यांतल्या मजकुरावरून महाराजांविरुद्ध कट चालला आहे असे दिसत होते. केसरी आणि मराठा या दोन्ही पत्रांनी कोल्हापूरच्या कारभारावर कडक लेख लिहिले. बर्वे यांनी मुंबईस फिर्याद केली. खटला हायकोर्टापर्यंत गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. देशी भाषांतील वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा लॉर्ड रिपन यांनी १८८२ च्या आरंभीच रद्द केला होता. छापखान्यांना वाटले, आता मोकळा श्वास घेता येईल. पण अब्रूचा कायदा निराळा. तो सरकारच्या टीकाकारासाठी एक आणि शेजाऱ्याच्या निंदकासाठी दुसरा असा नसतो. एका माणसाने दुसऱ्याच्या नावाला काळे फासले काय, एवढेच तो पाहतो.

खटल्याचा खर्च मोठा होता. पुण्यात निधी जमू लागला. विद्यार्थ्यांनी मदतीसाठी नाटके केली. जामिनाचा प्रश्न आला तेव्हा पुण्याचे रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांची जामीनकी पत्करली. त्यांना पुढे घालणारे होते महात्मा जोतीराव फुले. जोतीरावांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, म्हणजे तेही मूळ आपल्या सातारा जिल्ह्याचेच. केसरीकार मंडळींचे आणि जोतीरावांचे पुष्कळ बाबतींत पटत नव्हते. तरीसुद्धा छत्रपतींच्या गादीसाठी तोंड उघडणाऱ्या तरुणांच्या पाठीशी उभे राहताना त्यांनी मतभेद मध्ये आणला नाही.

पण कोर्टात काय झाले? ज्या पत्रांच्या भरवशावर लेख लिहिले होते ती पत्रेच बनावट ठरली. पायाच खचला, मग इमारत कशावर उभी राहणार? टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली. परंतु १८८२ च्या जुलै महिन्यात दोघांनाही चार महिने साध्या कैदेची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात झाली. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस तुरुंगातच गेला. आगरकरांना दम्याचा विकार होता. तशा स्थितीतही त्यांनी तिथे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे मराठी रूपांतर करण्याचे काम चालू ठेवले. ते पुढे 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. शिक्षेत थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. आगरकरांनी या बंदिवासाची हकिगत लिहून काढली, तिचे नावच 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' असे आहे.

सुटकेनंतर त्यांचे मोठे स्वागत झाले. लोकांच्या लेखी ते गुन्हेगार नव्हते. आणि पुढे घडले ते पाहा. वर्षभराने, २५ डिसेंबर १८८३ रोजी, नगरच्या किल्ल्यात देखरेखीखाली ठेवलेल्या शिवाजी महाराजांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतरचा तो मृत्यू. महाराष्ट्र हादरून गेला.

म्हणजे लोकांना वाटणारी काळजी खोटी नव्हती. लेख लिहिणाऱ्यांचा हेतूही मलिन नव्हता. मग शिक्षा का झाली? या प्रश्नाचे उत्तर ज्याला कळले, त्याला अब्रूचा कायदा कळला.

पाहा, आपला दंडसंहितेचा जुना कायदा १८६० सालचा. तो १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्याचे ४९९ वे कलम अब्रूनुकसानीचे. बोलून, लिहून, खुणेने किंवा चित्र काढून एखाद्यावर असा आरोप करणे की ज्यामुळे चारचौघांत त्याची किंमत उतरेल, हा गुन्हा. कायद्यात दृष्टांत दिला आहे तो मोठा मासलेवाईक आहे. एकाने विचारले, घड्याळ कोणी चोरले? दुसरा तोंडाने ब्र काढत नाही, नुसते तिसऱ्याकडे बोट दाखवतो. हीसुद्धा अब्रूनुकसानी! आणि "छे छे, हा तर फार सज्जन माणूस, याने घड्याळ कधीच चोरले नाही," असे कोणी डोळे मिचकावून म्हणाला, तर तो वाकडा बोलही कायद्याला सरळ कळतो. मेलेल्या माणसाविषयी बोलून त्याच्या घरच्यांची मने दुखवण्याचा हेतू असला, तरी ते या कलमात येते. संस्था, कंपनी, मंडळी यांनाही अब्रू असते असे कायदा मानतो.

पण त्याच कलमाला दहा अपवाद जोडलेले आहेत, आणि बचावाची सगळी शिदोरी त्या अपवादांत आहे. पहिला अपवाद सत्याचा. आपण म्हणतो, "खरे बोलायला भ्यायचे कशाला?" फौजदारी कायदा मात्र दोन गोष्टी मागतो. केलेला आरोप खरा पाहिजे, आणि तो लोकांपुढे आणण्यात लोकांचे हित पाहिजे. शेजाऱ्याच्या घरातली एखादी खाजगी गोष्ट खरी असली, तरी ती चावडीवर सांगून गावाचे काय भले होणार? तेवढ्यावर सुटका नाही. दिवाणी दाव्यात, म्हणजे नुकसानभरपाई मागणाऱ्या दाव्यात, नुसते सत्य शाबीत झाले तरी सामान्यतः पुरते. हा दोहोंतला फरक ध्यानात ठेवावा.

टिळक-आगरकरांच्या लेखात लोकहित होते, यात शंका कोण घेईल? पण पत्रे बनावट निघाल्यावर सत्याचा खांब निखळला. आणि अपवाद सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर असते. फिर्यादीने "मी निर्मळ आहे" हे सिद्ध करायचे नसते. ज्याने आरोप केला त्यानेच तो उभा करायचा असतो.

तुम्ही म्हणाल, "आमच्या मनात काही वाईट नव्हते, एवढे सांगून सुटता येत नाही का?" दुसऱ्या, तिसऱ्या, नवव्या, दहाव्या अशा पुष्कळ अपवादांत सद्भावना हा शब्द आहे खरा. पण येथे कायद्याची सद्भावना आणि आपल्या बोलण्यातली सद्भावना यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपण मन स्वच्छ असले की सद्भावना म्हणतो. दंडसंहितेच्या ५२ व्या कलमाने सांगून ठेवले होते की, योग्य ती काळजी आणि लक्ष दिल्यावाचून जे केले किंवा मानले, ते सद्भावनेने केले असे म्हणताच येणार नाही. एका शब्दात सांगायचे तर शहानिशा. मन कितीही गंगेसारखे निर्मळ असो, शहानिशा केली नसेल तर कायद्याच्या लेखी सद्भावना नाही. माझ्या मते सगळ्या अब्रूच्या कायद्याचे मर्म या एका शब्दात आहे. वकील कितीही मोठा दिला तरी तो बचाव रचू शकत नाही. बचाव रचला जातो तो बोलण्याआधी, लिहिण्याआधी.

याची दुसरी बाजू दाखवणारा खटला कोल्हापूर प्रकरणाच्या वीस वर्षे आधी मुंबईतच झाला होता. त्याला महाराज लायबल केस म्हणतात. करसनदास मूळजी हे गुजराती सुधारक. 'सत्यप्रकाश' नावाच्या पत्रात त्यांनी २१ ऑक्टोबर १८६० रोजी एक लेख छापला आणि वैष्णव संप्रदायातील काही महाराजांच्या अनाचारावर हत्यार उपसले. जदुनाथजी महाराजांनी करसनदास आणि छापखानेवाले नानाभाई राणीना यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. त्या काळचे पन्नास हजार! जातीतले लोक विरुद्ध, साक्षीदारांवर बहिष्काराची टांगती तलवार. १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी सुरू झाली.

करसनदासांनी बचाव घेतला तो सत्याचा : आम्ही लिहिले ते खरे आहे आणि आम्ही ते शाबीत करून देतो. साक्षीदार एकामागून एक उभे राहिले. त्यांत एक होते डॉक्टर भाऊ दाजी लाड. मांद्र्याचे, गोमंतकातले, मुंबईचे नामांकित वैद्य आणि प्राचीन लेखांचे मोठे संशोधक. त्यांनी डॉक्टर म्हणून जे स्वतः पाहिले होते ते कोर्टात शपथेवर सांगितले. ऐकीव एक अक्षर नाही. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. सत्याचा बचाव कोर्टाने मान्य केला, आणि करसनदासांना खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये द्यावेत असे ठरले.

आता या दोन्ही खटल्यांची तुलना करून पाहू. दोन्हीकडे लिहिणारे तरुण, निःस्वार्थी, लोकहिताची तळमळ असलेले. दोन्हीकडे समोर बलवान माणूस. एकीकडे प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार उभा होता, दुसरीकडे कोणाच्या तरी हातून आलेला कागद होता. धैर्यात काडीचा फरक नव्हता. फरक पडला तो पुराव्यात.

मग पुरावा अगदी शंभर टक्के हाती आल्याशिवाय तोंड उघडूच नये काय? तसेही नाही. तसे झाले तर सत्तेवरच्या माणसाचे फावेल. याबाबतीत स्वतंत्र भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९६५ साली एक महत्त्वाचा निकाल दिला. हरभजनसिंग यांनी पंजाबच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलावर चोरट्या व्यापाराचा जाहीर आरोप केला होता. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, हायकोर्टात ती कायम राहिली. सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडले. नवव्या अपवादाखाली, म्हणजे लोकहितासाठी सद्भावनेने केलेल्या आरोपाच्या बाबतीत, आरोप तंतोतंत खरा होता हे दाखवणे आवश्यक नाही. तो खरा मानण्यापुरती वाजवी काळजी घेतली होती आणि लोकहित होते, एवढे दाखवले तरी चालते. शिवाय सरकारपक्षाला गुन्हा शाबीत करायला जेवढा भक्कम पुरावा लागतो, तेवढा आरोपीला अपवाद दाखवायला लागत नाही. गोष्ट संभवनीय आहे एवढे पटवले की पुरे. म्हणजे पुन्हा गाडी त्याच ठिकाणी येऊन थांबते : शहानिशा केली होती का?

आता राहिलेल्या अपवादांकडे धावती नजर टाकू, कारण त्यांतले काही थेट आपल्या गावच्या आणि शाळेच्या कामाचे आहेत. सरकारी नोकराने हुद्द्यावर असताना केलेल्या कामाविषयी सद्भावनेने मत देणे, हा दुसरा अपवाद. तलाठ्याच्या कामावर टीका करता येईल. तेवढ्यासाठी त्याच्या घरादाराची उणीदुणी काढता येणार नाहीत. सार्वजनिक प्रश्नात जो कोणी पुढे होतो, त्याच्या त्या प्रश्नातील वर्तनावर मत देणे, हा तिसरा. कोर्टात चाललेल्या कामाचा मुद्देसूद खरा वृत्तांत छापणे, हा चौथा. निकाल लागलेल्या खटल्याच्या गुणदोषांवर सद्भावनेने बोलणे, हा पाचवा. लोकांपुढे ठेवलेल्या पुस्तकाची, नाटकाची, भाषणाची समीक्षा, हा सहावा. तमाशाचा फड असो की कवीचा संग्रह असो, तो लोकांपुढे आला म्हणजे बरेवाईट ऐकायची तयारी ठेवूनच आला.

सातवा अपवाद शिक्षकबंधूंनी विशेष ध्यानात घ्यावा. ज्याला कायद्याने किंवा कराराने दुसऱ्यावर अधिकार आहे, त्याने त्या अधिकारात राहून, सद्भावनेने दिलेला बोल अब्रूनुकसानी होत नाही. कायद्याने दिलेल्या दाखल्यांत आईबापांनी इतर मुलांदेखत मुलाला रागावणे आणि आईबापांच्या वतीने अधिकार मिळालेल्या शिक्षकाने वर्गात विद्यार्थ्याला बोल लावणे, ही उदाहरणे आहेत. पण वर्गातला बोल वर्गात. त्याच मुलाच्या घराण्याचा उद्धार बाजारात करायला हा अपवाद उपयोगी पडत नाही. दहावा अपवाद सावधगिरीच्या सूचनेचा आहे : ज्याला सांगतो त्याच्याच हितासाठी सांगितलेली गोष्ट.

आणि आठवा? मघाशी ज्या गुरुजींच्या तोंडाला कुलूप लागले म्हणालो, त्यांच्यासाठी आठवा अपवाद आहे. ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे, अशा माणसाकडे सद्भावनेने तक्रार करणे म्हणजे अब्रूनुकसानी नव्हे. विहिरीच्या कामात लबाडी झाली असे वाटते ना? मग चहाच्या दुकानात बोंब न मारता गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. त्याआधी माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याने कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप आणि बिले यांच्या नकला मागवा. सात-बारा पाहा, पंचायतीचा ठराव वाचा. जागेवर जाऊन चार माणसांदेखत पाहणी करा. टिळक-आगरकरांच्या काळी सामान्य माणसाला सरकारी दप्तरातला कागद बघायलाही मिळत नव्हता. आज दहा रुपयांच्या अर्जावर तो मागता येतो. ज्या पिढीला एवढे साधन मिळाले आहे, तिने ऐकीव गोष्टीवर बोलावे, हे काही शोभत नाही.

येथे एक खुलासा करतो, कारण पुष्कळदा दोन गोष्टींची गल्लत होते. अब्रूनुकसानी वेगळी आणि राजद्रोह वेगळा. आपल्या इस्लामपूरहून 'प्रतोद' नावाचे पत्र निघत असे. तेव्हा इस्लामपूर सातारा जिल्ह्यात होते. १८९७ साली त्या पत्रावर खटला झाला तो राजद्रोहाचा. त्याच वर्षी टिळकांनाही राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तिथे फिर्यादी सरकार असे आणि आरोप सरकारविषयी अप्रीती पसरवल्याचा असे. अब्रूच्या खटल्यात एका माणसाची दुसऱ्या माणसाविरुद्ध तक्रार असते. इंग्रजी अमदानीत कित्येक संपादकांनी राजद्रोहाची शिक्षा भूषण म्हणून मिरवली. अब्रूच्या खटल्याला तसे भूषण सहसा येत नाही.

आतापर्यंत आरोपीची बाजू झाली. पण "दावा लावतो" म्हणणाऱ्यालाही इतिहासाने एक धडा देऊन ठेवला आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली हिंदुस्थानातल्या असंतोषावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात टिळकांवर गंभीर आरोप केले. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. सुटून आल्यावर त्यांनी चिरोलवर विलायतेत दावा केला. १९१९ च्या आरंभी लंडनमध्ये तो चालला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन, दोघेही नावाजलेले बॅरिस्टर. कार्सनने काय केले? टिळकांचे जुने लेख, जुन्या शिक्षा, सगळे उकरून त्यांचीच उलटतपासणी आरंभली. दावा चिरोलवर, आणि पिंजऱ्यात जणू टिळक! फेब्रुवारीत निकाल विरुद्ध गेला. खर्चाचा आकडा लाखांवर गेला. तो भागवण्यासाठी महाराष्ट्रात निधी उभारावा लागला. परक्या देशातले ज्यूरी, राजकारणाचा वारा, या गोष्टी होत्याच. तरीही अब्रूचा दावा लावणाऱ्याने स्वतःच्या आयुष्याची कवाडे उघडी पडण्याची तयारी ठेवावी लागते, हे त्यातून शिकण्याजोगे आहे.

आजचा कायदा थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. अब्रूनुकसानी आता तिच्या ३५६ व्या कलमात आहे. व्याख्या तीच, दहा अपवादही तेच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि नव्याने भर पडली ती समाजसेवेच्या शिक्षेची. हा दखलपात्र गुन्हा नाही, म्हणून फौजदार दारात येऊन धरून नेईल ही भीती बाळगू नका. ज्याची अब्रू गेली त्याने स्वतः कोर्टात फिर्याद करायची असते. दोघांत समेट झाला तर खटला मिटवताही येतो. दिवाणी भरपाईचा दावा एक वर्षाच्या आत लावावा लागतो. अब्रूनुकसानी हा फौजदारी गुन्हा असावा की नाही यावर वाद झाला, आणि १३ मे २०१६ रोजी सुप्रीम कोर्टाने हे कलम घटनेशी सुसंगत असल्याचा निर्वाळा दिला. भाषणाचे स्वातंत्र्य घटनेने दिले आहे. त्याच घटनेच्या १९ व्या कलमात अब्रूनुकसानी हे त्या स्वातंत्र्यावरचे एक वाजवी बंधन म्हणून नोंदले आहे.

आणखी एक. "मी लिहिले नाही, मला आले ते मी पुढे पाठवले," ही सबब फारशी टिकत नाही. करसनदासांबरोबर छापखानेवाल्या राणीना यांनाही कोर्टात उभे राहावे लागले होते. छापणारा आणि विकणारा यांनाही कायद्यात स्वतंत्र पोटकलमे आहेत. मोबाईलवर बोट दाबणारा आज घरबसल्या छापखानेवाला झाला आहे, एवढे समजून वागावे. चूक झालीच, तर मनापासून आणि तितक्याच जाहीरपणे दिलगिरी व्यक्त करावी. तिने गुन्हा पुसला जातोच असे नाही, पण शिक्षा आणि भरपाई सौम्य होण्याला ती उपयोगी पडते. आणि माणुसकीच्या दृष्टीनेही ते बरे.

डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर पडलेल्या त्या दोघांनी लेखणी खाली ठेवली नाही. तुरुंगात त्यांचे वाद रंगत, देशाच्या भवितव्याविषयी, शिक्षणाविषयी. सुटल्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ साली, डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि आगरकर पुढे त्याचे प्राचार्य झाले. याच सोसायटीने १९१९ साली सांगलीजवळ विलिंग्डन कॉलेज सुरू केले, जिथे आपल्या भागातली मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली. पुढे आगरकरांनी 'सुधारक' काढला, तो केसरीपेक्षाही निर्भीड. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याची पाळी आली तरी ते डगमगले नाहीत.

तेव्हा गुरुजींना माझे सांगणे असे : भिऊ नका, पण आधी कागद पाहा. आणि बाकावरच्या मंडळींना सांगणे असे : बोला, जरूर बोला, पण जे सांगाल ते शपथेवर सांगता येईल का, एवढा प्रश्न आधी स्वतःला विचारा. सत्तेला जाब विचारणारी जीभ गावाला हवीच आहे. तिच्यामागे शहानिशा असली, म्हणजे कायदाही तिच्या बाजूने उभा राहतो.